परक्या रीतीचा अर्थ : सामाजिक मानवशास्त्र आणि साथीचे रोग

रोगाचें कारण कळलें कीं रोग निम्मा जिंकला, अशी एक समजूत सुशिक्षित समाजांत रूढ आहे. जंतु सांपडला, त्याच्या प्रसाराचा मार्ग सांपडला, तो अडविण्याची युक्ति सांपडली, म्हणजे पुढचें काम केवळ हुकूम देण्याचें आणि हुकूम पाळण्याचें, असा या समजुतीचा इत्यर्थ. २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांत इबोला रोगाची जी भयंकर सांथ पसरली, तिनें या समजुतीला जबर धक्का दिला. इबोलाचा विषाणु शास्त्रज्ञांना १९७६ सालापासून ठाऊक होता. रोग्याच्या रक्ताच्या, ओकारीच्या व इतर स्रावांच्या स्पर्शानें तो पसरतो, आणि मृताच्या शरीराचा स्पर्श तर फारच घातक, हेंही ठाऊक होतें. रोग्याला वेगळें ठेवावें व प्रेताला हात लावूं नये, हा मार्ग उघड होता. प्रत्यक्षांत मात्र लोक रोगी लपवूं लागले, रुग्णालयांतून पळून जाऊं लागले, रात्रीच्या अंधारांत प्रेतें पुरूं लागले आणि मदतीला आलेल्या पथकांना दगड मारून पिटाळूं लागले. २०१६ सालीं सांथ संपली तेव्हां २८,६०० हून अधिक लोकांना तिची बाधा झाली होती आणि ११,३०० हून अधिक लोक मृत्युमुखीं पडले होते.

या वर्तनाचीं दोन सोपीं स्पष्टीकरणें नेहमी पुढें केलीं जातात. एक, लोक अडाणी आहेत; दुसरें, लोक हट्टी आहेत. पहिल्यावर उपाय म्हणून भित्तिपत्रकें छापलीं जातात, दुसऱ्यावर उपाय म्हणून शिपाई पाठविले जातात. पश्चिम आफ्रिकेंत दोन्ही उपाय झाले आणि दोन्ही पुष्कळ अंशीं फसले. सामाजिक मानवशास्त्र तिसरी वाट दाखवितें. एखादा समाज एखादी गोष्ट करतो तेव्हां ती करणाऱ्यांच्या दृष्टीनें तिचा अर्थ काय, आणि त्या समाजाच्या नात्यागोत्यांच्या, देण्याघेण्याच्या व अधिकाराच्या रचनेंत तिचें स्थान कोणतें, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न होय. वरवर पाहतां हा प्रश्न निवांत अभ्यासिकेंतला वाटतो. त्याच्या उत्तरावर कधीं कधीं हजारों माणसांचा जीव अवलंबून असतो, हें मात्र या शास्त्राचा इतिहास पाहिल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

हें शास्त्र आरंभीं खरोखरच अभ्यासिकेंत वाढलें. एकोणिसाव्या शतकांतील विद्वान प्रवाशांच्या, मिशनऱ्यांच्या आणि अंमलदारांच्या लेखांतून दूरदूरच्या चालीरीती वेंचून काढीत आणि रानटीपणापासून सुधारणेपर्यंत त्यांची एक शिडी रचीत. सर जेम्स फ्रेझर यांचा ‘गोल्डन बाऊ’ हा प्रख्यात ग्रंथ १८९० सालीं निघाला. त्यांत जगांतील असंख्य रूढींची जंत्री आहे. पण ज्यांच्या त्या रूढी, त्यांच्यांत जाऊन राहण्याची आवश्यकता ग्रंथकर्त्याला भासली नाहीं. ही पद्धति बदलण्यास आरंभ झाला तो १८९८ सालच्या टॉरस सामुद्रधुनीवरील केंब्रिजच्या मोहिमेनें. या मोहिमेंतील डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे मूळचे वैद्य. माणसाला त्याच्या वंशावळीसंबंधीं नीट प्रश्न विचारले तर त्या वंशावळींतून साऱ्या समाजाची घडण उलगडते, हें त्यांनीं दाखवून दिलें. पुढें निलगिरीवरील तोडा लोकांवर त्यांनीं १९०६ सालीं ग्रंथ लिहिला. मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राची परंपरा घडविणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे केंब्रिज येथें याच रिव्हर्स यांचे शिष्य होते. त्यानंतर ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की या पोलिश पंडितानें पहिल्या महायुद्धाच्या काळांत ट्रोब्रिअंड बेटांवर सुमारें दोन वर्षें तंबू ठोकून, तेथील भाषा शिकून, तेथील लोकांत वावरून जें पाहिलें तें १९२२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून परक्या समाजांत दीर्घकाळ राहणें, ही या शास्त्राची दीक्षाच ठरली.

या शास्त्राच्या पूर्वेतिहासावर एक डागही आहे. युरोपीय राष्ट्रांचें साम्राज्य ज्या ज्या मुलुखांत पसरलें त्या त्या मुलुखांत हें शास्त्र त्याच्या मागोमाग गेलें. रयतेची माहिती हें राज्यकर्त्यांचें एक हत्यार होतें. हिंदुस्थानांत सर हर्बर्ट रिस्ले यांनीं नाकाची लांबीरुंदी मोजून जातींची उतरंड लावण्याचा जो उद्योग केला, तो आज कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ मान्य करीत नाहीं. माणसांना मोजणें आणि माणसांना समजून घेणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा धडा या शास्त्राला आपल्याच चुकांवरून शिकावा लागला.

समजून घेणें म्हणजे काय, याचा उत्कृष्ट नमुना इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या अझांदे लोकांवरील ग्रंथांत सांपडतो. हा ग्रंथ १९३७ सालचा. सुदानच्या दक्षिणेकडील या लोकांत धान्याचीं कोठारें उंच खांबांवर उभारलेलीं असतात आणि उन्हाच्या वेळीं माणसें त्यांच्या सांवलीला बसतात. कधीं एखादें कोठार कोसळतें आणि खालचीं माणसें जखमी होतात. अझांदे लोक म्हणतात, हें चेटूक होय. यावरून त्यांना खांब पोखरणारी वाळवी ठाऊक नाहीं असें कोणीं समजूं नये. वाळवीनें खांब पोखरले म्हणून कोठार कोसळलें, हें तेही सांगतात. त्यांचा प्रश्न पुढचा आहे. कोठार कोसळणारच होतें, पण तें नेमकें याच घटकेला, नेमकें याच माणसांच्या अंगावर कां कोसळलें? या ‘कां’चें उत्तर वाळवी देत नाहीं. मराठी माणूसही संकट कोसळलें म्हणजे डॉक्टरांचें म्हणणें ऐकून घेतो आणि मग ‘हें माझ्याच वाट्याला कां?’ असें विचारून प्रारब्धाकडे बोट दाखवितो. दोन्ही स्पष्टीकरणें एकाच मनांत सुखानें नांदतात. म्हणून विषाणूची माहिती दिली कीं चेटकाची समजूत आपोआप हटेल, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाहीं.

हें ज्ञान रोगाच्या शोधाला प्रत्यक्ष उपयोगी कसें पडलें, तें न्यू गिनी बेटावरील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. या बेटाच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलुखांत, ओकापा ठाण्याच्या आसपास, फोरे नांवाचे लोक राहतात. १९५७ सालीं डॉ. व्हिन्सेंट झिगास आणि डॉ. कार्लटन गायडुशेक यांनीं त्यांच्यांतील एका विलक्षण रोगाची हकीकत वैद्यकीय जगापुढें मांडली. प्रथम चालतांना तोल जाई, मग हातपाय कांपूं लागत, पुढें वाचा जाई आणि बहुधा वर्षभरांत रोगी दगावे. फोरे लोक या रोगाला ‘कुरु’ म्हणत. त्यांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थच कांपरें असा होतो. एकही रोगी वांचत नसे. सर्वांत कोड्यांत टाकणारी गोष्ट ही कीं, रोग प्रायः प्रौढ स्त्रियांना व मुलांना होई. प्रौढ पुरुषांना तो क्वचितच होई. कांहीं गांवांत स्त्रियांची संख्या इतकी घटली कीं, पोरक्या मुलांना बापांनींच वाढवावें लागे. १९५७ पासून नोंदल्या गेलेल्या मृत्यूंची संख्या २,७०० च्या घरांत जाते.

रोग घराण्याघराण्यांतून चालतो असें दिसल्यामुळें तो आनुवंशिक असावा, असें अनुमान तज्ज्ञांनीं बांधलें. तें पडताळून पाहण्यासाठीं वंशावळी हव्या होत्या, आणि त्या जमविण्याचें काम रॉबर्ट ग्लास व शर्ली लिंडेनबॉम या दोन मानवशास्त्रज्ञांकडे आलें. १९६१ सालीं तीं दोघें फोरे मुलुखांत राहावयास गेलीं. रिव्हर्स यांनीं घालून दिलेल्या पद्धतीनें त्यांनीं नातीं टिपण्यास आरंभ केला, आणि आनुवंशिकतेचें अनुमान डळमळूं लागलें. फोरे लोकांत नातें केवळ रक्तानें जुळत नसे. मैत्रीनें, दत्तकानें, देण्याघेण्यानें जोडलेल्या माणसालाही भाऊ म्हणत आणि तसें वागवीत. म्हणजे ज्यांना वैद्य एका रक्ताचे समजत होते, त्यांतले कित्येक तसे नव्हतेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट वृद्धांच्या आठवणींतून बाहेर आली. आपल्या गांवांत कुरूचा पहिला रोगी कोण, तो कधीं आजारी पडला, हें म्हातारीं माणसें सांगूं शकत. रोग प्राचीन नव्हता. तो एकाच मानवी आयुष्याच्या आंत गांवोगांव पसरला होता. असा प्राणघातक दोष वंशपरंपरेनें इतक्या थोड्या काळांत इतका पसरणें शक्य नव्हतें.

मग रोग आला कोठून? ग्लास व लिंडेनबॉम यांनीं या प्रश्नाची सांगड तेथील एका अंत्यविधीशीं घातली. मृत आप्ताचें मांस भक्षण करण्याची चाल फोरे लोकांत त्याच सुमारास शिरली होती. बाहेरच्या माणसाला ही चाल ऐकूनच शिसारी येते, आणि अंमलदारांनीं तिला क्रौर्य म्हणून निकालांत काढलें होतें. करणाऱ्यांच्या दृष्टीनें ती क्रूर नव्हती. प्रिय माणसाचें शरीर मातींत किड्यांनीं खावें त्यापेक्षां त्याच्यावर माया करणाऱ्यांनीं तें आपल्यांत सामावून घ्यावें, ही त्यामागची भावना होती. हा भार मुख्यतः स्त्रिया उचलीत आणि त्यांच्याजवळचीं मुलें त्यांत सहभागी होत. प्रौढ पुरुष प्रायः दूर राहत. रोग्यांच्या यादींत जीं माणसें होतीं, तींच विधीच्या पंगतींतही होतीं. ऑस्ट्रेलियन अंमलाखालीं १९५० नंतरच्या दशकांत ही चाल बंद पडली, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांत कुरु दिसेनासा झाला.

प्रयोगशाळेंतला पुरावा याच सुमारास मिळाला. कुरूनें मेलेल्या माणसाच्या मेंदूचा अंश टोंचलेल्या चिंपांझींना तोच रोग जडल्याचें गायडुशेक, गिब्ज व आल्पर्स यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलें. १९७६ सालीं गायडुशेक यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हा रोग जंतूनें नव्हे तर बिघडलेल्या एका प्रथिनानें होतो, हें मत स्टॅन्ले प्रुसिनर यांनीं १९८२ सालीं मांडलें व त्यांनाही १९९७ सालीं तोच मान लाभला. हें ज्ञान केवळ एका डोंगराळ मुलुखापुरतें राहिलें नाहीं. वेड लागलेल्या गायींचें मांस खाल्ल्यानें माणसाला तशाच जातीचा मेंदूचा रोग होतो, असें १९९६ सालीं ब्रिटनमध्यें आढळलें. तेव्हां असा रोग शरीरांत किती वर्षें लपून राहूं शकतो या प्रश्नाला फोरे लोकांच्या इतिहासाचा मोठा आधार मिळाला. कांहीं फोरे माणसांत तो पन्नास वर्षांहूनही अधिक काळानें प्रगट झाला होता.

कुरूच्या बाबतींत मानवशास्त्रज्ञांनीं रोगाचें कारण शोधण्यास साह्य केलें. इबोलाच्या बाबतींत कारण आधींच माहीत होतें. तेथें त्यांना निराळें काम करावें लागलें. २००० सालीं युगांडाच्या उत्तर भागांत, गुलु शहराच्या आसपास, इबोलाची सांथ आली. तींत ४२५ लोकांना बाधा झाली व २२४ दगावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून बॅरी ह्यूलेट हे मानवशास्त्रज्ञ तेथें गेले. तेथील अचोली लोक रोग्यांना देवऋष्यांकडे नेतात आणि मृतांना न्हाऊं घालतात, म्हणून त्यांच्या रूढी सांथ वाढवितात, एवढेंच बाहेरच्या पथकांना दिसत होतें. ह्यूलेट यांनीं वृद्धांना विचारलें, पूर्वीं अशी मोठी सांथ आली म्हणजे काय करीत? वृद्धांनीं सांगितलें कीं, साधा आजार निराळा आणि ‘गेमो’ निराळा. गेमो म्हणजे वाऱ्यासारखा येऊन अनेकांना एकदम उचलणारा कोप. एकदां गेमो आला असें ठरलें कीं, वागण्याचे नियमच बदलत.

ते नियम पाहण्यासारखे आहेत. रोग्याला इतर घरांपासून शंभर मीटर दूरच्या झोंपडींत ठेवावें. त्या रोगांतून उठलेल्या माणसानेंच त्याची शुश्रूषा करावी. झोंपडीपाशीं उंच गवताच्या दोन काठ्या रोवून खूण करावी, म्हणजे कोणी आंत जाणार नाहीं. नाचगाणीं बंद ठेवावीं. एका गांवच्या लोकांनीं दुसऱ्या गांवीं जाऊं नये. रोगी बरा झाला तरी पुरा एक महिना त्यानें लोकांत मिसळूं नये. मेलेल्याला गांवाच्या सीमेवर पुरावें, आणि एरवीं आत्यानें प्रेताला स्नान घालावयाचें, तेंही यावेळीं करूं नये. रोगशास्त्राचें शिक्षण घेतलेल्या वैद्यानें लिहून दिलेले नियम याहून फारसे निराळे झाले नसते. जी संस्कृति अडथळा म्हणून मोजली जात होती, तिच्याच पोटांत प्रतिबंधाची व्यवस्था तयार होती. ती आहे कीं नाहीं, हें विचारण्याची बुद्धि मात्र कोणाला तरी व्हावी लागली. लोकांच्या भीतीचेंही एक कारण असेंच उघडकीस आलें. विलगीकरणाच्या जागेभोंवतीं उंच आडोसा होता आणि मृतांना नातलगांस न दाखवितांच बंदिस्त केलें जाई. म्हणून आंत अवयव काढून विकतात, असा प्रवाद उठला होता. आडोसा खालीं आणावा आणि नातलगांना पाहूं द्यावें, एवढ्या साध्या सूचनेंत या प्रवादाचें औषध होतें.

हा अनुभव लेखांतून प्रसिद्ध झाला होता. तरीही तेरा वर्षांनीं पश्चिम आफ्रिकेंत तो आरंभीं वायां गेल्यासारखा झाला. डिसेंबर २०१३ मध्यें गिनीच्या अरण्यप्रदेशांतील मेलियांडू या खेड्यांत सांथीचा उगम झाला आणि मार्च २०१४ मध्यें रोगाचें नांव निश्चित झालें. पांढऱ्या पोषाखांत नखशिखांत झांकलेलीं माणसें गाड्यांतून येत, रोग्याला उचलून नेत, आणि पुढें त्याचें काय झालें तें घरच्यांना कळत नसे. नेलेलीं माणसें बहुधा परत येत नसत. ज्या गांवांनीं यादवी युद्धें आणि जुलमी सरकारें पाहिलीं होतीं, त्यांना या दृश्याचा जो अर्थ दिसला तो समजण्यासारखा होता. सप्टेंबर २०१४ मध्यें गिनींतील वोमे या गांवीं प्रचारासाठीं गेलेल्या पथकांतील आठ जणांची हत्या झाली. त्यांत अधिकारी, आरोग्यसेवक आणि वृत्तपत्रकार होते. हें कृत्य अक्षम्यच होतें. पण अक्षम्य कृत्याचेंही कारण शोधावें लागतें, नाहीं तर तें पुन्हां घडतें.

या साऱ्या संघर्षाच्या मुळाशीं प्रेताचा प्रश्न होता. सिएरा लिओनमधील मेंडे लोकांत दीर्घकाळ काम केलेले मानवशास्त्रज्ञ पॉल रिचर्ड्स यांनीं दाखविलें आहे कीं, तेथें अंत्यविधि म्हणजे केवळ शोकाचा प्रसंग नव्हे. विवाहाच्या वेळचें राहिलेलें देणेंघेणें त्याच वेळीं पुरें करावयाचें असतें. विवाहित स्त्रीला सासरीं पुरावें कीं माहेरीं, हें त्यावरून ठरतें. वारसाही तेथेंच उभा राहतो. अशा ठिकाणीं ‘अंत्यविधि करूं नका’ हा हुकूम, विवाह व वारसा यांचे दस्तऐवज जाळून टाका असें सांगण्यासारखा होतो.

लायबेरियाचें उदाहरण तर भारतीयांना विशेष विचार करावयास लावणारें आहे. ऑगस्ट २०१४ मध्यें तेथील सरकारनें राजधानी मन्रोव्हिया येथील इबोलाच्या मृतांचें दहन करण्याचा हुकूम काढला. रोगशास्त्राच्या दृष्टीनें उपाय निर्दोष होता. त्या देशांत दहनाची चाल नव्हती. दहनभूमि होती ती तेथें व्यापारानिमित्त राहणाऱ्या हिंदी लोकांनीं स्वतःसाठीं बांधलेली. हिंदूंच्या अंत्येष्टीसाठीं उभारलेल्या त्या जागेंत लायबेरियन मृतांना अग्नि दिला जाऊं लागला. हिंदूच्या मनाला अग्निसंस्कार म्हणजे मृताचा शेवटचा सन्मान. तो मिळाला नाहीं तर सद्गति नाहीं. लायबेरियन कुटुंबाच्या मनाला तोच अग्नि म्हणजे मृताची घोर विटंबना. मार्च महिन्याच्या दुसऱ्या बुधवारीं त्या देशांत घरोघरचीं माणसें आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, तीं साफ करतात, रंगवितात, सजवितात. ज्याचें थडगें नाहीं त्याला तो दिवस नाहीं. परिणाम असा झाला कीं, घरांत मृत्यु झाल्याची वर्दी देण्यास लोक धजेनात. गुप्तपणें दफनें होऊं लागलीं, आणि गुप्त दफनांतून रोग अधिकच पसरण्याची धास्ती निर्माण झाली. अखेर वर्षाच्या शेवटीं सरकारनें दहन थांबविलें आणि राजधानीबाहेर सुरक्षित दफनासाठीं जागा दिली. अग्नि तोच, हेतूही चांगलाच. अर्थ मात्र दोन समाजांत परस्परविरुद्ध. हा अर्थ कोणत्याही सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दिसत नाहीं.

याच वर्षीं गिनींतील किस्सी लोकांच्या एका गांवांत एक गर्भवती स्त्री इबोलानें मरण पावली. गर्भासह स्त्रीला पुरल्यास तिला पूर्वजांत स्थान मिळत नाहीं आणि गांवावर अरिष्ट येतें, म्हणून गर्भ आधीं काढलाच पाहिजे, असा तेथील दंडक. तसें करणें म्हणजे करणाऱ्याच्या प्राणाशीं गांठ, असा वैद्यांचा निर्वाळा. प्रेत पडून राहिलें. मानवशास्त्रज्ञ ज्युलिएन अनोको यांनीं कोणताही हुकूम न सोडतां गांवांतील जाणत्यांना एवढेंच विचारलें कीं, हा दंडक पाळणें अशक्य झालें तर तुमच्या परंपरेंत कांहीं प्रायश्चित्त आहे काय? प्रायश्चित्त होतें. तें जाणणारा वृद्ध सांपडला. विधीचें साहित्य आरोग्य संघटनेच्या खर्चानें आणलें, विधि झाला आणि प्रेत गर्भासह सुरक्षितपणें पुरलें गेलें. ज्या समाजाला नियम असतात त्याला बहुधा अपवादही असतात, आणि अपवाद कोणता हें त्या समाजालाच विचारावें लागतें. याच मार्गानें अनोको व त्यांचे सहकारी यांनीं, पथकांना बंदी करणाऱ्या २६ गांवांशीं पुन्हां बोलणें सुरू केलें.

नोव्हेंबर २०१४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाचे नवे नियम प्रसिद्ध केले. नव्या बाधांपैकीं निदान शेंकडा २० दफनाच्या वेळीं होतात, असा तिचा अंदाज होता. या नियमांत ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द शोभेसाठीं नव्हता. कुटुंबाशीं बोलल्याशिवाय प्रेताला हात लावूं नये, धर्मगुरूला बोलवावें, मुसलमान मृताला पाण्याच्या स्नानाऐवजीं कोरडें शुद्धीकरण द्यावें व कफन गुंडाळावें, कुटुंबाला खड्डा खणण्यांत आणि प्रार्थनेंत भाग घेऊं द्यावा, असे त्याचे तपशील होते. हुकुमाच्या जागीं वाटाघाट आली. रिचर्ड्स यांचें प्रतिपादन तर असें कीं, सर्वांत आधीं होरपळलेल्या जिल्ह्यांत लोकांनीं स्वतःच रोगाचा मार्ग ओळखून आपले नियम केले, आणि परदेशांची मोठी मदत पोहोंचण्यापूर्वींच तेथें रोग ओसरूं लागला होता.

हें सारें दूरच्या खंडांतलें म्हणून महाराष्ट्रानें परकें मानण्याचें कारण नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उतरला आणि पुढच्या वर्षीं पुण्यांत त्याचा कहर झाला. प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनीं गोऱ्या शिपायांकरवीं घरोघर झडत्या चालविल्या. रोग्यांना इस्पितळांत आणि त्यांच्या माणसांना छावण्यांत नेण्यांत येई. सामानसुमान जाळण्यांत येई. देवघर, माजघर, बायकामाणसांची मर्यादा यांना त्या व्यवस्थेंत कांहीं अर्थच नव्हता. लोकांनीं तेव्हां जें केलें तें पश्चिम आफ्रिकेच्या लोकांनीं ११७ वर्षांनीं केलें त्याहून निराळें नव्हतें; त्यांनीं रोगी लपविले, मृत्यु दडविले, इस्पितळासंबंधीं भयंकर वावड्यांवर विश्वास ठेविला. २२ जून १८९७ रोजीं रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या घटनेचें राजकीय स्वरूप सर्वश्रुत आहे. तिची दुसरी बाजू अशी कीं, सरकारी इस्पितळाला भिणारे लोक आपल्या समाजानें चालविलेल्या इस्पितळांत जाण्यास तितके कचरत नसत. मुंबईंत निरनिराळ्या जातींनीं व पंथांनीं अशीं इस्पितळें काढलीं. पुण्यांत हिंदु प्लेग इस्पितळ निघालें आणि त्याच्या कामांत टिळकांनीं लक्ष घातलें. रोग तोच आणि विलगीकरणही तेंच. पण उशाशीं बसणारें माणूस, हातांत येणारें अन्न आणि मृत्यूनंतरचा विधि आपला होता.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. प्रत्येक अनर्थाचें खापर रूढींवर फोडण्याचा मोह मानवशास्त्राला पडूं शकतो. वैद्य आणि मानवशास्त्रज्ञ या दोन्ही नात्यांनीं प्रसिद्ध असलेले पॉल फार्मर यांनीं या मोहाविरुद्ध कडक इशारा दिला. पश्चिम आफ्रिकेंत लोक मेले ते केवळ प्रेतांना स्नान घातल्यानें नव्हे; शिरेवाटे पाणी देण्याचीं साधनें, परिचारिका, खाटा आणि वैद्य नव्हते म्हणून मेले. तोच रोग झालेल्या युरोप-अमेरिकेंत नेलेल्या रोग्यांपैकीं बहुतेक वांचले. आपल्या माणसाची शुश्रूषा घरींच करण्यांत जितकी रूढि होती तितकीच निरुपायाची गोष्टही होती. म्हणून रूढीचा अर्थ लावतांना दारिद्र्याचा आणि सत्तेचा अर्थही लावावा लागतो. एक घेऊन दुसरा सोडला तर शास्त्र पुन्हां रिस्ले यांच्या वाटेला लागेल.

हा धडा जगानें कायमचा गिरवला, असें म्हणतां येत नाहीं. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत श्रीलंकेच्या सरकारनें सर्व मृतांचें दहन सक्तीचें केलें. सुरक्षित दफनास हरकत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत असतांही दफन ज्यांचें धर्मकर्तव्य त्या मुसलमान कुटुंबांना जवळजवळ एक वर्ष हा घाव सोसावा लागला. फेब्रुवारी २०२१ मध्यें सक्ति उठली आणि २०२४ सालीं तेथील सरकारनें क्षमा मागितली. मन्रोव्हियांत जें सहा वर्षांपूर्वीं कळलें होतें, तें कोलंबोंत पुन्हां नव्यानें शिकावें लागलें.

सामाजिक मानवशास्त्र रोग बरा करीत नाहीं, लस तयार करीत नाहीं, सरकारही चालवीत नाहीं. वैद्यानें आणि अंमलदारानें लोकांच्या दारीं जाण्यापूर्वीं त्या दाराच्या आंत कोणतें जग आहे, हें विचारावयास तें शिकवितें. आजचें जग विमानांनीं जवळ आलेलें आहे. एका खेड्यांतला रोग कांहीं दिवसांत दुसऱ्या खंडांत पोहोंचतो. माणसांमाणसांतील अर्थांचें अंतर मात्र विमानानें कमी होत नाहीं. तें कमी करण्याचा एकच मार्ग आजवर सांपडला आहे. परक्याच्या अंगणांत बसावें, त्याची भाषा शिकावी, आणि हुकूम देण्याआधीं प्रश्न विचारावा.